वाचकांचे प्रश्न : समुद्री सत्ता आणि आपला मुलूख

१५०० ते १८०० या तीनशे वर्षांत युरोपातल्या समुद्री सत्तांनी जगाचा व्यापार आणि समाज कसा बदलला, याविषयी कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : पोर्तुगीज येण्याआधी कोल्हापूरसारख्या घाटावरच्या गावाचा समुद्राशी काही संबंध होता का? (एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

होता, आणि त्याचा पुरावा टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात काचेमागे उभा आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती सातवाहन काळातली. रोमन जगातला माल कोकणातल्या बंदरात उतरे आणि घाट चढून इथवर पोचे. त्यामुळे व्यापार युरोपीयांनी सुरू केला, हे डोक्यातून काढून टाका. अरब, गुजराती, मलबारी, चिनी व्यापारी हिंदी महासागरात शतकानुशतकं ये-जा करत होते. १४९८ साली वास्को द गामाला आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतपर्यंत आणलं, तेही इथला समुद्र जाणणाऱ्या वाटाड्यानं. नवीन होतं ते वेगळंच. व्यापाराच्या वाटेवर तोफा लावून बसायचं आणि वाट वापरू देण्याचे पैसे घ्यायचे, ही रीत या समुद्रात एवढ्या मोठ्या प्रमाणावर पूर्वी नव्हती.

प्रश्न : पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ म्हणजे नेमकं काय? आणि मराठेही परवाने देत होते, हे खरं का? (शिवाजी पेठ)

कार्ताझ म्हणजे जहाजाचा परवाना. १५०२ च्या सुमारास तो सुरू झाला. त्या कागदावर जहाजाचं आणि नाखव्याचं नाव, जहाजाचा आकार, माणसं आणि हत्यारं किती, कुठून निघून कुठे जाणार, हे सगळं लिहिलेलं असे. मिरी आणि युद्धसाहित्य यांसारखा माल भरायला मनाई असे. परवान्याची फी किरकोळ होती. खरा फास पुढच्या अटीत होता. जहाजानं जाता-येता गोवा, दीव किंवा होर्मुझ अशा पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरलीच पाहिजे. कागद नसेल किंवा कागदावरच्या वाटेपेक्षा जहाज वेगळीकडे सापडलं, तर जहाज मालासकट जप्त.

हे चाललं कसं, ते आपल्या पावसावरून समजतं. जून ते ऑगस्ट पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं जवळपास बंद. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला झाला की सगळी जहाजं ठरावीक आठवड्यांत, ठरावीक वाऱ्यावर निघणार. वाट ठरलेली, वेळही ठरलेली, म्हणून मोजकी लढाऊ गलबतं मोक्याच्या तोंडांवर ठेवली तरी पुरत. १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा, १५११ मध्ये मलाक्का आणि १५१५ पर्यंत होर्मुझ घेण्यामागचा हिशेब हाच होता. पोर्तुगालची माणसं मूठभर होती. मुलूख सांभाळणं त्यांना परवडलं नसतं, नाकी सांभाळणं परवडलं.

बिघाडही त्याच जागी झाला. गोव्याच्या अधिकाऱ्यांना पगार अपुरा, म्हणून ते स्वतःच चोरून व्यापार करत आणि परवाने विकत. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमात्रातल्या अचेची मिरी थेट तांबड्या समुद्रात पुन्हा वाहू लागली होती. आणि कागद असूनही सुरक्षितता मिळेना. १६१३ मध्ये सुरतेजवळ जहांगीर बादशहाच्या आईचं ‘रहीमी’ जहाज परवाना असताना पोर्तुगीजांनी पकडलं. बादशहानं त्यांचा व्यापार बंद करून दमणवर फौज धाडली. याच काळात इंग्रजांना सुरतेत पाय रोवता आले.

मराठ्यांचं म्हणाल, तर कान्होजी आंग्रे आपल्या समुद्रात दस्तक देत आणि दस्तक नसलेलं जहाज पकडत. वारणेच्या तहानंतर (१७३१) मालवण-सिंधुदुर्ग करवीरकर छत्रपतींकडे राहिला आणि तिथलं आरमार हेच करत होतं. इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिलं, पुढच्या वर्षी पैसे घेऊन तो कोल्हापूरला परत केला, आणि १८१२ च्या तहानं मालवण कायमचं घेतलं. कंपनीच्या कागदांत मालवणकरांना चाचे म्हटलं आहे. आम्हाला हे मान्य नाही. दोन्हीकडचा परवाना एकाच जातीचा होता. पोर्तुगीजांनी फी घेतली तर ती राजाज्ञा आणि करवीरकरांनी घेतली तर दरोडा, अशी विभागणी आजही काही पाठ्यपुस्तकांत आढळते, ती दुरुस्त व्हायला हवी.

प्रश्न : पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रज व्यापारी तोफा घेऊन आले होते म्हणतात. व्यापाऱ्यांचं तिथे काय काम? (पन्हाळा)

१६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन काही साथीदार, एक उखळी तोफ आणि तिचे गोळे घेऊन आला. वखारीला मिरी आणि कापड हवं होतं. त्यासाठी आदिलशाहीची मर्जी हवी होती, आणि गोळे विकून पैसेही मिळणार होते. किल्ल्यावर मारा करताना त्यांनी इंग्रजी निशाण लावलं होतं.

उखळी तोफ आखूड आणि रुंद तोंडाची असते. ती तटाला भोक पाडण्यासाठी नसते. दारू भरलेला पोकळ लोखंडी गोळा ती उंच उडवून तटाच्या आत टाकते. सगळी करामत गोळ्याच्या वातीत. वात लांब राहिली तर गोळा पडल्यावर आतली माणसं ती उपटून टाकतात किंवा पाणी ओततात. आखूड झाली तर गोळा हवेतच फुटतो. पन्हाळ्यासारख्या उंच डोंगरी किल्ल्याखालून अंतराचा अंदाज घेणं आणखी अवघड. किल्ला या माऱ्यानं पडला नाही. जुलैत शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले.

१६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. कैदेतून त्यांनी सुटकेसाठी तगादा लावला, तेव्हा सुरतेच्या वरिष्ठांनी कळवलं की तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत, इंग्रजी निशाणाखाली पन्हाळ्यावर गोळे फेकलेत म्हणून कैदेत आहात. १६६३ मध्ये ते सुटले. नुकसानभरपाईची बोलणी मात्र १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तोवर चालूच होती.

प्रश्न : कंपन्यांमध्ये आणि आपल्या पेढ्यांमध्ये फरक काय होता? आपले व्यापारी कमी होते का? (लक्ष्मीपुरी)

पैशानं कमी नव्हते. सुरतेच्या वीरजी व्होरांकडून इंग्रज कर्ज घेत. फरक भांडवलाच्या बांधणीत होता. इंग्रज कंपनीला १६०० च्या अखेरीस सनद मिळाली, पण सुरुवातीला दर सफरीला वेगळा पैसा गोळा व्हायचा आणि जहाज परतलं की हिशेब मिटवून वाटणी व्हायची. डच कंपनीनं १६०२ मध्ये सुमारे ६४ लाख गिल्डर उभे केले आणि ते अडकवून ठेवले. कोणाला पैसे हवे असतील तर त्यानं ॲमस्टरडॅमच्या बाजारात आपला हिस्सा दुसऱ्याला विकायचा, कंपनीकडे मागायचा नाही. त्यामुळे कंपनीला दहा-वीस वर्षं पुढचं पाहून किल्ले बांधता आले, वखारी टिकवता आल्या. वेंगुर्ल्याची डच वखार १६३७ ची. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना तिथून रसद मिळे. शिवाय सनदेनं या कंपन्यांना फौज ठेवण्याचा, लढण्याचा आणि तह करण्याचा अधिकार दिला होता. आपल्या कुठल्याही पेढीला तो नव्हता.

या दोन गोष्टी एकत्र आल्यावर काय होतं, ते आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर दिसलं. जायफळ आणि जायपत्री तेव्हा जगात तेवढ्याच बेटांवर होत असे. तिथले लोक ठरल्या भावाबाहेर दुसऱ्यांनाही माल विकतात म्हणून १६२१ मध्ये डच कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरसून कून यानं बेटांवर स्वारी केली. सुमारे पंधरा हजार वस्तीपैकी थोडेच लोक बेटांवर उरले. बाकीचे मारले गेले, उपासमारीनं मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. मग बागांचे तुकडे पाडून डचांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. श्रीखंडावर किसलं जाणारं जायफळ त्या काळी याच बागांतून येत असे.

प्रश्न : भारतात चांदीच्या मोठ्या खाणी नाहीत. मग मुघल काळात एवढे रुपये पाडायला चांदी आली कुठून, आणि ती खनिजापासून वेगळी कशी करत? (हुपरी)

राजस्थानात जावरला थोडी निघे, पण ती पुरणारी नव्हती. सोळाव्या शतकापासून आलेल्या चांदीचा मोठा भाग अमेरिकेतला होता, मेक्सिकोतला आणि आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीचा. पोतोसीचा डोंगर १५४५ मध्ये सापडला. गाव समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर.

सुरुवातीला चांगलं खनिज भट्टीत वितळवून भागलं. ते संपल्यावर हलक्या टंचाचं खनिज उरलं आणि तितकं सरपण त्या उंचीवर मिळेना. बार्तोलोमे दे मेदिना यानं मेक्सिकोतल्या पाचुका इथे १५५४ च्या सुमारास पाऱ्याची पद्धत बसवली. खनिज दळून पिठासारखं बारीक करायचं, पाणी घालून चिखल करायचा आणि फरसबंद अंगणात पसरायचा. त्यात मीठ, मग भाजलेलं तांब्याचं खनिज, मग पारा कापडातून पिळून शिंपडायचा. माणसं किंवा खेचरं तो चिखल आठवडेच्या आठवडे तुडवत. मीठ आणि तांबं मिळून चांदीला तिच्या संयुगातून सोडवतात आणि सुटलेली चांदी पारा धरून ठेवतो. नंतर चिखल धुऊन काढायचा, खाली बसलेला लगदा कापडात पिळून जास्तीचा पारा परत मिळवायचा आणि उरलेला गोळा तापवून पारा उडवायचा. मागे चांदी राहते.

बिघडायच्या जागा पुष्कळ. तांब्याचं खनिज जास्त पडलं की ढीग ‘तापतो’ आणि पाराच वाया जातो. मग चुना किंवा राख घालून तो शांत करावा लागे. थंडीत काम मंदावतं, म्हणून पोतोसीत दगडी हौदाखाली जाळ घालत. जाणकार कारागीर रोज चमचाभर चिखल वाटीत धुऊन पाऱ्याचा रंग पाहत आणि काय घालायचं ते ठरवत. किलोभर चांदीमागे किलोभराहून जास्त पारा हवेत आणि पाण्यात जाई. त्याच्या वाफेनं माणसांचे हात कापायला लागत, दात पडत. आटणीच्या खोलीत धूर कोंडू न देण्याचा आग्रह हुपरीत कुणाला नवा नाही. तिथे मात्र काम करणाऱ्याला नाही म्हणण्याची सोयच नव्हती. १५७० च्या दशकात स्पेनचा तिथला व्हाइसरॉय तोलेदो यानं ‘मिता’ ही सक्तीच्या कामाची पद्धत लावली. ठरवून दिलेल्या गावांतल्या दर सात पुरुषांतला एक, असे वर्षाला सुमारे साडेतेरा हजार जण सक्तीनं पोतोसीला जात.

तिथून चांदीच्या दोन वाटा. एक स्पेनहून ॲमस्टरडॅम-लंडनला, आणि पुढे आफ्रिकेला वळसा घालून किंवा तांबड्या समुद्रातल्या मोखा बंदरातून सुरतेला. दुसरी आकापुल्कोहून मनिलाला, बहुतांश चीनसाठी. तिकडून येणारं नाणं आठ रेआलचं, सुमारे २७ ग्रॅम वजनाचं, टंच ९३ च्या आसपास. सुरतेच्या टांकसाळीत ते आटवून साडेअकरा ग्रॅमचा जवळपास चोख रुपया पाडत. एका नाण्याचे दोनाहून थोडे जास्त रुपये होत. जहाजं एकदम आली की टांकसाळीत रांग लागे. ज्याला कापड घेण्याची घाई तो सराफाला बट्टा देऊन चांदी विकून मोकळा होई. दक्षिणेत मोठा व्यवहार सोन्याच्या होनात असे, पण बंदरात चांदीची लारी चाले. चांदीची तार ओढून, दुमडून, तिच्यावर छाप मारलेलं हे नाणं आदिलशाहीनंही पाडलं. तारकाम करणाऱ्यांनी ते एकदा संग्रहालयात जाऊन पाहावं.

ही चांदी भारतात येऊन राहिली, कारण युरोपकडे इथे विकण्यासारखं फार थोडं होतं आणि इथलं सुती कापड, नीळ, मिरी त्यांना हवी होती.

प्रश्न : ऊस मूळ आपल्याकडचा. आम्ही गुऱ्हाळ चालवतो, इथे गुलाम कधी लागले नाहीत. मग अमेरिकेत साखरेसाठी गुलामच का? (कागल)

या पत्रातला प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

ऊस भारतातून इराण, अरबस्तान, भूमध्य समुद्र असा सरकत गेला. पोर्तुगीजांनी तो पंधराव्या शतकात मदैरा बेटावर, मग आफ्रिकेजवळच्या साओ तोमेवर आणि सोळाव्या शतकात ब्राझीलला नेला. कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोसमध्ये इंग्रजांनी १६४० च्या दशकात लावला. हे बेट सुमारे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या अठराव्या हिश्शाएवढं.

तिथली कामाची पद्धत तुम्हाला ओळखीची वाटेल. तोडलेला ऊस दिवसभरात गाळला नाही तर रस आंबतो आणि साखर धरत नाही. घाण्याला तीन उभे रूळ. एक जण ऊस पहिल्या दोन रुळांत घाली, पलीकडचा तोच चोथा मधल्या आणि तिसऱ्या रुळांतून परत पाठवी. रस चार-पाच तांब्याच्या कढयांतून जाई, पहिली सगळ्यांत मोठी आणि शेवटची सगळ्यांत लहान. बार्बाडोस-जमैकात पुढे सगळ्या कढयांखाली एकच जाळ आणि इंधन म्हणून चिपाडं, अशी भट्टी रूढ झाली. चुना घालून मळी वर आणायची आणि काढत राहायची. चुना कमी पडला तर दाणा धरत नाही, जास्त झाला तर माल काळवंडतो. पाक झाला की नाही ते बोटांत तार ओढून पाहत. शेवटच्या कढईत दोन मिनिटं चुकली की सगळी उतरण करपली.

फरक इथून पुढे. तुम्ही वाफ्यात ओतून ढेप पाडता, काकवीचा अंश गुळातच राहतो. तिथे पाक तळाला भोक असलेल्या मातीच्या शंकूत ओतत आणि भोक उघडून काकवी आठवडेच्या आठवडे गळू देत. वर ओल्या चिकणमातीचा थर दिला की पाणी हळूहळू झिरपून दाणे धुई. वरची साखर पांढरी, खालची तपकिरी. गूळ दमट हवेत पाझरतो, ते पावसाळ्यात तुम्ही पाहताच. दोन-तीन महिन्यांच्या समुद्रप्रवासात टिकणारा माल दाणेदार साखरेचाच. गळलेल्या काकवीची रम होई.

आता माणसांकडे येऊ. आपल्याकडे थोडा ऊस बऱ्याच शेतकऱ्यांच्या वावरात विखुरलेला असे. घाणा बैलांचा, हंगाम चार-पाच महिन्यांचा. ब्राझीलमध्ये हंगाम आठ-नऊ महिने चाले आणि घाणा रात्रंदिवस. घाणा आणि भट्टी उभारायला मोठं कर्ज काढलेलं, म्हणून ती थांबणं मालकाला परवडेना. मूळ रहिवासी देवी आणि गोवरानं, सक्तीच्या कामानं मेले होते किंवा पळून गेले होते. युरोपातून करारावर आलेले गोरे मजूर करार संपला की निघून जात. ज्याला जाताच येणार नाही असा माणूस मालकांना हवा होता, आणि माणूस विकत घेण्याला त्यांच्या कायद्याची मुभा होती. ऊस हे त्याचं कारण नव्हे. निर्णय मळेवाल्यांचा, सावकारांचा आणि सरकारांचा होता. रात्रपाळीत डुलकी लागून रुळात हात गेला तर तोडून टाकायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे, यावरून कामाची कल्पना येईल. कॅरिबियन बेटांवर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त, म्हणून नवी माणसं सतत आणावी लागत. १५०१ ते १८६६ या काळात आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत भरली गेली. त्यांतली सुमारे एक कोटी सात लाख अमेरिकेत जिवंत उतरली.

यात आपल्या बाजूचा माल होता, हेही सांगायला हवं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम विकत घेताना गुजरातचं आणि कोरोमंडलचं कापड मोठ्या प्रमाणावर दिलं जाई. मालदीवच्या कवड्या जहाजाच्या तळात भार म्हणून भरून युरोपला नेत, तिथे लिलाव होई आणि पश्चिम आफ्रिकेत त्या नाणं म्हणून चालत. गोंधळ्याच्या गळ्यातल्या माळेत असतात, त्याच कवड्या.

या व्यवस्थेला सर्वांत मोठा तडाखा गुलामांनीच दिला. सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीत १७९१ मध्ये बंड झालं आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झालं. ब्रिटिश वसाहतींत १८३४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली आणि त्याच वर्षापासून मॉरिशसच्या उसासाठी भारतातून करारावरचे मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात.

प्रश्न : मिरची बाहेरून आली असेल तर त्याआधी कोल्हापूरचा रस्सा कशानं तिखट करत? (गडहिंग्लज)

मिरी, पिंपळी, सुंठ आणि मोहरीनं. मिरची अमेरिकेतली. पोर्तुगीज जहाजांतून सोळाव्या शतकात ती पश्चिम किनाऱ्यावर आली आणि गोव्यावरून घाट चढली. ती इतक्या वेगानं का पसरली, ते शेतकऱ्याला लगेच कळेल. मिरीच्या वेलाला मलबारसारखा पाऊस, आधाराला झाड आणि फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. मिरची त्याच हंगामात येते, घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या रानातही. वाळवलेल्या फळातलं बी पुढच्या वर्षी उगवतं, म्हणून बी विकत घ्यावं लागलं नाही आणि कुठल्या कंपनीला मिरचीची मक्तेदारीही करता आली नाही. गडहिंग्लज-संकेश्वर पट्ट्यातली संकेश्वरी मिरची शेतकऱ्यांनी याच वाटेनं, निवडून निवडून घडवली.

भुईमूग, मका, पेरू, बटाटा आणि आजरा-चंदगडचा काजू हेही अमेरिकेतलेच. तंबाखूही. ती विजापूरहून उत्तरेत गेली. अकबराचा वकील असद बेग विजापूर दरबारातून परतताना १६०४ च्या सुमारास ती घेऊन गेला आणि त्यानं बादशहापुढे हुक्का ठेवला. जहांगीरनं १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, पण ती टिकली नाही.